काढण्यात आलेली जाळी

अभियांत्रिकी महाविद्यालयात मानव्यविद्या शिकवणाऱ्याची जागा ताटातल्या कोथिंबिरीची असते. नसली तर कुणी उपाशी उठत नाही, असली तर बरेच जण ती चिमटीत धरून बाजूला काढून ठेवतात. बाईंना हे नोकरी लागली त्या वर्षीच कळलं होतं, आणि तरीही त्या टिकून होत्या. कोथिंबिरीला दुसरीकडे जायला जागा तरी कुठे असते?

विषयाचं पूर्ण नाव ‘मानव्यविद्या आणि संवादकौशल्य’. ज्या समितीने अभ्यासक्रम ठरवला होता तिच्यात झाडून सगळे अभियंते होते, त्यामुळे तो यंत्राच्या सुट्या भागांसारखा आखलेला होता. सहानुभूती दोन तास, नीतिमत्ता तीन तास, गटचर्चा प्रात्यक्षिकासह, आणि साहित्य ‘वेळ उरल्यास’. वेळ आजवर कधी उरला नव्हता. तासिका जेवणाच्या सुट्टीनंतर लगेच, आणि तीही आरेखनाच्या हॉलमध्ये, कारण बाकीच्या खोल्यांत खरे विषय चालत. हॉलमध्ये उंच स्टुलं आणि तिरकी टेबलं होती. पेनं घरंगळून खाली पडत, पण पोरांच्या झोपेला मात्र तो उतार अगदी मानवत असे.

मुलं त्यांना ‘सॉफ्ट मॅडम’ म्हणत. सॉफ्ट स्किल्सवाल्या, म्हणून. बाईंचा आवाज खरं तर खडा होता आणि पेपर तपासताना हात त्याहून खडा, पण नाव पडलं ते पडलं.

यंत्र विभागाच्या प्रमुखांना मुलं ‘टॉर्क सर’ म्हणत, टॉर्क म्हणजे यंत्र फिरवणारा जोर. हा माणूस समोर कुणीही असो, मागे यंत्र धडधडत असल्यासारखा ओरडून बोले. बाई व्हरांड्यात दिसल्या की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, “काय मॅडम, आज काय शिकवलंत? हसायचं कसं?” आणि मग स्वतःच हसून दाखवत. बाईही हसत. संवादकौशल्याच्या बाईंनी रुसून कसं चालेल?

वर्गात जागं राहणारा एकच मुलगा होता. त्याची उंची इतकी होती की त्या तिरक्या टेबलावर झोपायचं म्हटलं तरी त्याला घडी घालावी लागली असती. त्याला सगळे जिराफ म्हणत. एकदा बाई वाक्यरचना शिकवत होत्या. म्हणाल्या, “कुठलंही वाक्य वाचलंत की आधी कर्ता शोधा. सापडला नाही तर समजा, कुणीतरी तो लपवलाय. जिन्याजवळची पाटी वाचलीत ना? ‘लिफ्ट बंद ठेवण्यात येत आहे.’ आता सांगा, कोण ठेवतंय?”

“भूत,” जिराफ म्हणाला.

वर्ग खदखदून हसला, मागच्या रांगेतले दोघेतिघे दचकून उठले, आणि बाईंना वाटलं, चला, आजचा दिवस सार्थकी लागला. अशा क्षुल्लक गोष्टींवर खूश व्हायची त्यांना सवय होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी कार्यशाळेत अपघात झाला. जुन्या लेथ मशीनवर मुलं काम करत होती. मशीनच्या बाजूला मोटर आणि कप्पीवरून फिरणारा पट्टा होता. जिराफने धातूचा कीस झटकायला हात पुढे केला, हात जरा जास्तच लांब होता, आणि डाव्या अनामिकेचं वरचं पेर पट्टा आणि कप्पीच्या मध्ये गेलं. तिथे एरवी लोखंडी जाळी असते. त्या दिवशी ती नव्हती. त्या दिवशीच कशाला, बरेच दिवस नव्हती.

आरडाओरडा ऐकून टॉर्क सर धावत आले. त्यांनी आपला रुमाल त्या बोटाला आवळून बांधला, मुलाचा हात वर धरला, त्याला तसंच गाडीत घातलं आणि दवाखान्यात नेलं. जाताना ते एक शब्दही ओरडले नाहीत, आणि त्यामुळेच मुलं जास्त घाबरली.

इकडे प्राचार्यांच्या खोलीत मोठा प्रश्न उभा राहिला. मुलाच्या घरी फोन कुणी करायचा? वडील नव्हते, आई होती. वीजविभागाच्या प्रमुखांना अचानक प्रयोगशाळा आठवली. उपप्राचार्यांचा घसा बसला होता. प्राचार्य स्वतः करणारच होते, पण त्यांच्या मते पदाचा फोन गेला की प्रकरण उगाच गंभीर वाटतं. मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

“मॅडम,” प्राचार्य म्हणाले, “संवाद हा तर तुमचाच विषय ना?”

इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला त्या विषयाची गरज पडली होती. बाईंना, खोटं कशाला बोला, त्या घाईतही थोडा अभिमान वाटला.

अप्रिय बातमी कशी द्यावी, यावर बाईंची एक संपूर्ण तासिका होती. ऐकणाऱ्याच्या मनाची तयारी करावी, एकदम घाव घालू नये, आधी चार चांगले शब्द बोलावे, मग हळूहळू मुद्द्याकडे यावं. परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न असे. बाईंनी नंबर फिरवला.

“नमस्कार. मी तुमच्या मुलाच्या महाविद्यालयातून बोलतेय. तुम्ही आत्ता कुठे आहात?”

“ऑफिसात. का?”

“बसलेल्या आहात ना? जवळ कुणी आहे का तुमच्या?”

पलीकडे शांतता पसरली. बाईंना वाटलं, तयारी होतेय.

“तुमचा मुलगा फार गुणी आहे. खरं सांगते, माझ्या वर्गात नेहमी प्रश्न तोच विचारायचा...”

‘विचारायचा’ हा शब्द तोंडातून निसटला आणि निसटताक्षणी बाईंना कळलं. पण दुरुस्ती करायच्या आत पलीकडून हंबरडा ऐकू आला. मग काहीतरी आपटल्याचा आवाज, खुर्ची सरकल्याचा, आणि एक अनोळखी बाई फोनवर ओरडली, “कोण बोलतंय? काय सांगितलंत तुम्ही त्यांना?”

“बोट!” बाई किंचाळल्या. “नुसतं बोट! जिवंत आहे तो! बोट तुटलंय फक्त!”

खोलीतल्या सगळ्यांनी ऐकलं, आणि बाहेर शुल्क भरायला उभ्या असलेल्या पालकांनीही ऐकलं असावं. प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. “मॅडम, जरा हळू,” ते म्हणाले.

दवाखान्यात बाई पोचल्या तेव्हा जिराफला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर टॉर्क सर बसले होते, सदऱ्याच्या बाहीवर रक्त वाळलेलं. त्यांच्याशेजारी मुलाची आई. विमा कंपनीत अधिकारी होती, ओळखपत्र अजून गळ्यात तसंच होतं. बाई पुढे होऊन काही बोलणार, तेवढ्यात तिने मान वर केली.

“फोन तुम्ही केला होतात?”

“हो. मी त्याला शिकवते.”

“कुठला विषय?”

याहून अवघड प्रश्न बाईंना मुलाखतीतही कुणी विचारला नव्हता. “संवादकौशल्य,” त्या पुटपुटल्या.

ती शांतपणे म्हणाली, “‘तो बरा आहे’ एवढं आधी म्हणायला काय झालं होतं तुम्हाला? तेवढ्या वेळात मी त्याला पोचवूनही आले होते.”

घरी गेल्यावर बाईंनी चहाचा कप नुसताच हातात धरून ठेवला. नवरा लिफ्टची तपासणी करायच्या नोकरीत, बोलण्यात मुळातच काटकसरी. सगळं ऐकून घेतल्यावर तो एवढंच म्हणाला, “हं.” सासूबाई मात्र गप्प बसणाऱ्यांतल्या नव्हत्या. आजवर नातेवाइकांतल्या सगळ्या बऱ्यावाईट बातम्या त्यांनीच फोनवरून पोचवल्या होत्या, आणि त्यांची पद्धत साधी होती. ‘मामा गेले, सकाळी,’ एवढं म्हणून त्या समोरच्याला रडायला मोकळं सोडत.

“अगं, पण तू तिला बसायला कशाला सांगितलंस?” त्या म्हणाल्या. “मला कुणी फोनवर ‘बसा’ म्हणालं तर मी आधी आडवीच होईन.”

“पुस्तकात तसंच आहे, आई.”

“मग पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी फोन केला नसेल.”

दुसऱ्या दिवशी चौकशी समिती नेमली गेली. प्राचार्य अध्यक्ष, दोन विभागप्रमुख सदस्य, आणि अहवाल नीट लिहिला जावा म्हणून बाई ‘भाषा सदस्य’. कालच्या फोननंतर ही नेमणूक म्हणजे कमालच होती, पण प्राचार्यांचा हिशेब वेगळा होता. बोलताना बाई घसरतात, लिहिताना सावरतात, हे त्यांनी हेरलं होतं.

समितीचं कामकाज इतक्या सभ्यपणे चाललं की कुणाचा अपघात झालाय याची आठवण ठेवणंही असभ्य वाटावं. टॉर्क सरांना बोलावलं गेलं. प्राचार्यांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि विचारलं, “संरक्षक जाळीसंदर्भात आपलं काय मत आहे?”

“जाळी असायला पाहिजे,” टॉर्क सर म्हणाले.

“अगदी मोलाचं बोललात. धन्यवाद.”

आणि ते गेले. बाईंनी मोलाचं मत टिपून घेतलं.

अहवाल त्यांनी मन लावून लिहिला. कुणाला दुखवायचं नव्हतं, महाविद्यालयाचं नाव जपायचं होतं, आणि फोनची लाज कुठेतरी भरून काढायची होती. ‘पट्ट्यावरील संरक्षक जाळी काही काळापूर्वी काढण्यात आलेली होती. दुर्दैवाने विद्यार्थ्याचे बोट पट्ट्याच्या संपर्कात आले. त्यास तातडीने वैद्यकीय मदत पुरवण्यात आली.’ प्राचार्यांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

“वा, मॅडम! वाचताना कुठे म्हणजे कुठे टोचत नाही.”

असं कौतुक बाईंच्या वाट्याला क्वचित येई. त्या आठवड्यात त्यांना व्हरांड्यातून चालताना जरा हलकं वाटलं. अहवालाचा गोषवारा सूचनाफलकावर लागला.

जिराफ वर्गात परतला तो त्यानंतर. हाताला पांढरं गाठोडं, आणि ते वर धरून बसायचं म्हणून तो तासभर सतत काहीतरी विचारायला हात वर केल्यासारखा दिसे. त्या दिवशी खरंच विचारायचं होतं. त्याने सूचनाफलकावरचा मजकूर मोबाइलमध्ये टिपून आणला होता.

“मॅडम, एक वाक्यरचना विचारू?”

“विचार.”

त्याने त्यातली पहिली दोन वाक्यं वाचली. अगदी शांतपणे, कविता वाचावी तशी. “यातल्या पहिल्या वाक्यात कर्ता नाहीये. जाळी ‘काढण्यात आलेली होती’. कोणी काढली ते नाही. पण दुसऱ्यात आहे. ‘बोट संपर्कात आले.’ आलं कोण? बोट. म्हणजे अख्ख्या अहवालात एकटं माझं बोटच काय ते काम करतंय.”

या वेळी कुणी हसलं नाही. शेवटच्या रांगेतलाही कुणी झोपला नव्हता. मानव्यविद्येच्या तासाला एवढी हजेरी आणि एवढं लक्ष, दोन्ही एकाच वेळी, बाईंनी प्रथमच पाहिलं.

“हे कोणी लिहिलंय, मॅडम?”

‘समितीने’ असं उत्तर अगदी ओठांवर होतं. चांगलं, गोल, गुळगुळीत उत्तर. बाईंनी ते गिळलं.

“मी,” त्या म्हणाल्या. “मी लिहिलंय.”

जिराफ मान डोलावून खाली बसला. त्याने आणखी काही विचारलं नाही, आणि बाईंना तेच जास्त लागलं. तास संपेपर्यंत त्यांनी काय शिकवलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

तास सुटल्यावर त्या थेट टॉर्क सरांच्या खोलीत गेल्या. टेबलावर महाविद्यालयाच्या नव्या माहितीपुस्तिकांचा गठ्ठा पडला होता. मुखपृष्ठावर चकचकीत लेथ मशीनची रांग, आणि खाली ओळ, ‘सुरक्षित आणि अत्याधुनिक कार्यशाळा’. ती ओळ बाईंनीच लिहून दिली होती, हाच फोटो समोर ठेवून. आता त्यांनी फोटो नीट पाहिला. एकाही पट्ट्यावर जाळी नव्हती.

“सर, जाळी कोणी काढली?”

“मी काढायला लावली,” टॉर्क सर म्हणाले.

बाईंना वाटलं होतं, बराच वाद घालावा लागेल. तयारी करून आल्या होत्या. आता ती तयारी हातात घेऊन त्या नुसत्याच उभ्या राहिल्या.

“फोटोसाठी,” टॉर्क सर पुढे म्हणाले. “जाळ्या गंजल्या होत्या. फोटोत वाईट दिसत होत्या.”

“मग समितीत का नाही सांगितलंत?”

“विचारलं कुठे कोणी? मत काय आहे म्हणे. जाळीबद्दल काय मत असणार माणसाचं?”

“सर, उगाच भोळेपणाचा आव आणू नका. आम्हाला काय विचारायचं होतं ते तुम्हाला माहीत होतं.”

टॉर्क सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग त्यांच्या मानाने फारच हळू आवाजात म्हणाले, “माहीत होतं. तुम्ही सगळ्यांनी मिळून दार उघडून दिलंत, मी निघून गेलो. त्या दिवसापासून झोप नाही मला, मॅडम. त्या पोराने गाडीत मला काय विचारलं माहितेय? ‘सर, माझं सबमिशन बुडेल का?’”

बाई खुर्ची ओढून बसल्या. एवढ्या वर्षांत त्या दोघांमध्ये झालेलं हे सगळ्यात लांब संभाषण होतं.

संध्याकाळी बाईंनी प्राचार्यांना सांगितलं की अहवाल बदलायचाय. ‘काढण्यात आलेली होती’च्या जागी कोणी काढली ते लिहायचं. प्राचार्य दुखावले. इतकी सुंदर भाषा कशाला बिघडवायची, असं त्यांचं म्हणणं पडलं. बाईंनी मग अहवालावरची स्वतःची सही मागे घेतली आणि तीन सरळ वाक्यं वेगळ्या कागदावर लिहून दिली. त्याखाली टॉर्क सरांनी सही केली. प्राचार्यांनी तो कागद दोन बोटांत धरला, बाळाचं ओलं दुपटं धरावं तसा.

मुलाची आई भेटीला आली ती त्याच आठवड्यात. प्राचार्यांनी सुरुवात केली. संस्थेची उज्ज्वल परंपरा, सर्वांना झालेलं दुःख, यापुढे घेण्यात येणारी काळजी. तिने ते मध्येच थांबवलं.

“मी दिवसभर दाव्यांचे कागद वाचते,” ती म्हणाली. “ज्या कागदात ‘काढण्यात आली’ असतं तो मी परत पाठवते. कोणी काढली?”

“मी,” टॉर्क सर म्हणाले. ओरडूनच म्हणाले, सवयीने. मग आवाज खाली आणला. “मी काढायला लावली. फोटोसाठी. परत बसवायची राहून गेली.” ते थांबले. “राहून गेली नाही. मी बसवली नाही.”

प्राचार्य खिडकीबाहेर बघू लागले. तिथे बघण्यासारखं काही नव्हतं, सायकलींची रांग होती.

“फोटो चांगला आला का?” आईने विचारलं.

या प्रश्नाला उत्तर नसतं, पण टॉर्क सरांनी दिलं. “हो. आला.”

तिने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिलं. “त्याला दवाखान्यात तुम्हीच नेलंत ना? हात वर धरून?”

“हो.”

“तक्रार मी करणार आहे.”

“करा. मी जबाब देतो.”

ती उठली. टॉर्क सरांना हलकेच मान हलवून निघाली. दारात बाईंजवळ थांबली. बाईंना वाटलं, आता आपल्यालाही काही म्हणेल, निदान बरं-वाईट. पण ती नुसती ओढणी सावरायला थांबली होती. त्या फोनचं तिने बाईंना पुढेही कधी माफ केलं नाही, आणि बाईंनीही तशी अपेक्षा ठेवली नाही.

तक्रार झाली. टॉर्क सरांचं प्रमुखपद गेलं. ते साधे प्राध्यापक म्हणून पहिल्या वर्षाला शिकवू लागले, आणि मुलं सांगत की ते हल्ली तास सुरू करण्याआधी प्रत्येक मशीनला हात लावून बघतात. जाळ्या बसल्या. माहितीपुस्तिका मागे घेतल्या. प्राचार्यांना एका परिषदेत कार्यशाळेतील सुरक्षिततेवर भाषण द्यायला बोलावणं आलं, आणि ते गेले. कुठल्याही समितीत बाईंना परत कुणी भाषा सदस्य म्हणून घेतलं नाही. अप्रिय बातमीची तासिका त्यांनी अभ्यासक्रमातून काढली नाही, कारण तो अधिकार त्यांना नव्हता. पण ती शिकवताना त्या आता पुस्तक मिटून ठेवत आणि आपला स्वतःचा फोन सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही शब्द न वगळता, मुलांना सांगत. मुलं हसत. मग हळूहळू हसायची थांबत.

वर्षाअखेरीस तोंडी परीक्षा झाली. जिराफ सहानुभूतीवर बोलला. बोलला बरं, पण सबंध वेळ छताकडे बघत, आणि लेखी काम त्याने दिलंच नव्हतं. बाईंनी त्याला काठावर पास केलं. निकाल लागल्यावर तो भांडायला आला.

“मॅडम, एवढेच? निदान त्या बोटाचे तरी थोडे गुण द्यायचे.”

“बोटाचे गुण कार्यशाळेत मिळतात. माझ्याकडे लेखी कामाचे आहेत.”

“हात दुखत होता.”

“डावा दुखत होता. लिहितोस उजव्याने.”

जिराफने जरा विचार केला. “बरोबर आहे,” तो म्हणाला, आणि दाराच्या चौकटीला कपाळ लागू नये म्हणून खाली वाकून बाहेर पडला.